फॉरवर्डमधले किडे आणि बांधावरचे भुंगेरे : वाचकांचे प्रश्न

पोळा झाला, मारबत निघाली, पाऊस थोडा उघडला की नागपुरात ट्यूबलाइटखाली किडे वाढतात आणि त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर पण वाढतात. या महिन्यातली बहुतेक पत्रं व्हॉट्सअ‍ॅपवाल्या किड्यांबद्दलच आहेत. मी ती सगळी नीट वाचली, कारण हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. किड्याचं नाव चुकलं की पुढचं सगळंच चुकत जातं, औषध चुकतं, खर्च वाया जातो, पोरं विनाकारण घाबरतात आणि जिथे खरंच जपायला पाहिजे तिथे माणूस बिनधास्त राहतो. सगळी पत्रं इथे मावत नाहीत, म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो येऊन राहिला. किड्याच्या पाठीवर पांढरे दाणेच दाणे आहेत आणि खाली माणसाच्या हाताला भोकं पडलेली आहेत. लिहिलंय की हा किडा हाताने मारू नका, त्याचा व्हायरस काही मिनिटांत अंगभर पसरतो. परवा आमच्या गच्चीवर हुबेहूब तसाच किडा सापडला, यांनी झाडूने मारला. तेव्हापासून मुलांना वर जाऊ दिलं नाही. (गृहिणी, बेसा)

ताई, मुलांना आजच वर जाऊ द्या. तो फोटो खूप वर्षांपासून फिरतोय, दरवेळी फक्त गावाचं नाव बदलतं. त्यातला किडा खरा आहे, भोकं खोटी आहेत. कमळाचं फूल झडल्यावर जो चपटा शॉवरसारखा भाग उरतो ना, ज्यात कमळगट्टे बसलेले असतात, त्याचा फोटो कॉम्प्युटरवर माणसाच्या कातडीला चिकटवलेला आहे. पाहिल्यावर अंगावर काटा येतो हे खरं, अशी दाट भोकं पाहून पुष्कळांना कसंतरी होतंच, आणि म्हणूनच तो फोटो इतका पसरतो, माणूस घाबरला की आधी पुढे पाठवतो आणि मग विचार करतो.

आता खरा किडा. याला जायंट वॉटर बग म्हणतात, तळ्यात, डबक्यात, धानाच्या बांधीत राहतो, ढेकणांच्या मोठ्या खानदानातला आहे, रात्री लाइटकडे उडत येतो म्हणून तुमच्या गच्चीवर आला. पाठीवरचे दाणे म्हणजे अंडी. आणि पाठीवर अंडी घेऊन फिरणारा हा किडा नर असतो! यांच्या काही जातींमध्ये मादी आपली अंडी नराच्या पाठीवर चिकटवून जाते आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत बाप ती सांभाळतो, मधून मधून पाण्याच्या वर येऊन अंड्यांना हवा देतो. म्हणजे ज्याला व्हायरसवाला म्हणून देशभर मारलं जातंय तो खरं तर लेकरं पाठीवर घेऊन फिरणारा बाप आहे. हे मला फार लागतं, म्हणून जरा जास्त लिहिलं.

मुठीत दाबून धरला तर चावतो आणि चांगलंच दुखतं, तेवढी काळजी घ्या. व्हायरस वगैरे काही नाही. उलट हा डासांच्या अळ्या खातो. डेंग्यूच्या दिवसांत आपल्या गावाला याची गरज आहे. पुन्हा दिसला तर वहीच्या पुठ्ठ्यावर घ्या आणि जवळच्या डबक्यात सोडा.

प्रश्न : माझी संत्र्याची बाग आहे अन् बाजूला दोन एकर पराटी (कपाशी). पराटीवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) आला आणि त्याच्यात काळ्या-नारंगी काटेरी अळ्या फिरून राहिल्या. संत्र्याच्या फांदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला. दोन्हीचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकले तर एकजण म्हणे नवीन विदेशी कीड आहे, सगळं शेत खलास करते, लगेच डबल डोस मारा. काय मारू? (शेतकरी, काटोल तालुका)

भाऊ, आधी पंप खाली ठेवा, मग पुढे वाचा.

पराटीवरच्या त्या काळ्या-नारंगी अळ्या म्हणजे लेडीबर्डची पिल्लं आहेत. लेडीबर्ड म्हणजे तो लाल गोल ठिपक्यांचा भुंगेरा, कृषी खात्याच्या पत्रकात चित्रांग भुंगेरा लिहिलेलं असतं. मोठा भुंगेरा सगळ्यांना ओळखू येतो, त्याला कोणी मारत नाही, पण त्याचं पिल्लू अजिबात आईबापासारखं दिसत नाही, लांबट, खरखरीत, सहा पायांवर भराभरा पळणारं, एखाद्या छोट्या मगरीसारखं. मग लोकांना वाटतं हीच कीड. आणि ते पिल्लू तिथे कशाला आलंय तर मावा खायला. एक मोठा भुंगेरा दिवसाला पन्नासच्या आसपास मावा फस्त करतो, पिल्लं पण कमी नाहीत. तुम्ही फवारा मारला की मावा मरतो आणि त्याला खाणारे पण मरतात, मग आठ-पंधरा दिवसांनी मावा परत येतो कारण त्याची पैदास फार लवकर होते, पण भुंगेरा तितक्या लवकर परत येत नाही. मग तुम्ही दुसरा फवारा मारता. हे चक्र असंच सुरू होतं.

संत्र्यावरचं प्रकरण अजून फसवं आहे. पिठ्या ढेकूण खरा असू शकतो, पण त्याच्यातच मिसळलेला, हुबेहूब तसाच पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या असलेला दुसरा जीव असतो, क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्या देशात मुद्दाम आणला गेला, फळबागेत पिठ्या ढेकूण खायला सोडतात. अळी ढेकणांसारखीच दिसते म्हणून भले भले फसतात. एक काडी घ्या आणि हळूच टोचा. पिठ्या ढेकूण जागेवरच बसतो नाहीतर कसाबसा सरकतो, क्रिप्टोलेमसची अळी लगेच चालायला लागते, आणि ती ढेकणापेक्षा मोठी, तिच्या झिपऱ्या जास्त लांब असतात. दोन-चार फांद्या अशा तपासल्या तरी तुमच्या बागेत कोण जिंकतंय ते कळेल.

उलटी चूक पण होते, ती सांगितली पाहिजे. घरी खायला वांगी लावली असतील तर त्याच्या पानावर जो ठिपक्यांचा भुंगेरा दिसतो तो मित्र असेलच असं नाही. वांग्यावर लेडीबर्डचाच एक नातेवाईक येतो, अठ्ठावीस ठिपक्यांचा, तो पान खातो. ओळख अशी की मित्रवाला लाल-केशरी आणि चकचकीत असतो, आणि हा मळकट नारंगी, अंगावर बारीक लव असलेला, याची पिल्लं पिवळी आणि फांद्या फुटलेल्या काट्यांची. सगळ्यात सोपं म्हणजे पान बघा. पानाची जाळी झाली असेल आणि मावा नावालाही नसेल तर हा शत्रू आहे, हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. नुसता ठिपके पाहून निकाल देऊ नका, तो काय खातोय ते पाहा.

आणि डबल डोसबद्दल. 2017 च्या पावसाळ्यात आपल्याच विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. वेगवेगळी औषधं एकत्र करून, तोंडाला काही न बांधता, उंच वाढलेल्या पराटीत फवारणी सुरू होती. हे विसरू नका हो. ग्रुपवरच्या एका ओळीच्या भरवशावर असं काही करू नका. वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे, महाराजबागेला लागून कृषी महाविद्यालय आहे, एवढी कीटकांची जाणकार माणसं एका शहरात दुसरीकडे मिळणं कठीण. फांदी पिशवीत घालून घेऊन या आणि दाखवा. एक दिवस गेला तर मावा शेत खाऊन टाकत नाही.

प्रश्न : ती घोणस अळी खरी आहे का खोटी? दोन माणसं मेल्याचा फोटो आला होता. (पाच-सहा पत्रं, बहुतेक ग्रामीण भागातून)

अळी खरी, मृत्यूचे फोटो दुसऱ्याच गोष्टीचे. 2022 च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी ही अळी दिसली, शेतकऱ्यांना चटके बसले, काहींना दवाखान्यात न्यावं लागलं, इथपर्यंत सगळं खरं. पण शेतात पडलेल्या दोन माणसांचा जो फोटो सोबत जोडला होता ती जळगाव जिल्ह्यात वीज पडून गेलेली बापलेकं होती. त्यांच्या घरच्यांना तो फोटो दिवसभर अळीच्या नावाने फिरताना बघावा लागला असेल, याचा विचार पाठवताना कोणी केला नाही.

ही एका पतंगाची अळी आहे, हिरवट, जाड, अंगावर काट्यांचे झुपके. अंगाला लागली की काटे कातडीत मोडतात आणि आग आग होते. चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा म्हणजे काटे निघतात, मग बर्फ लावा, खायच्या सोड्याची पेस्ट लावा. धाप लागली, ओठ-चेहरा सुजला, चक्कर आली तर सरळ दवाखाना. एरंड, गवत, उसाचे बांध इथे काम करताना फुल बाह्यांचा शर्ट घाला, एवढंच.

प्रश्न : सकाळी उठलो तर मानेवर लाल पट्टा, भाजल्यासारखा. मावशी म्हणते नागीण आहे, उतरवून आण. रूममेट म्हणतो अ‍ॅसिड फ्लाय आहे, इंटरनेटवर लिहिलंय की कोब्रापेक्षा विषारी असते, माणूस मरू शकतो. मला खरंच भीती वाटून राहिली. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोडचं हॉस्टेल)

अरे बाबा, आधी शांत हो. वर्णनावरून रूममेटचा अंदाज बरोबर वाटतो पण त्याला जोडलेली भीती चुकीची आहे.

ज्याला सगळे अ‍ॅसिड फ्लाय म्हणतात ती माशी नाहीच, तो भुंगेरा आहे, पेडेरस. एक सेंटिमीटरपेक्षा लहान, लांबट, मुंगीसारखा, नारंगी-काळा पट्टेरी, मधे निळसर चमक. भुंगेऱ्यासारखा दिसत नाही कारण वरचे कडक पंख अगदी आखूड असतात आणि पोट उघडं राहतं. तो चावत नाही, डंख मारत नाही, अ‍ॅसिड सोडत नाही. त्याच्या रक्तात पेडेरिन नावाचं रसायन असतं, आणि गंमत म्हणजे ते हा भुंगेरा स्वतः बनवत नाही, मादीच्या शरीरात राहणारे बॅक्टेरिया बनवतात. तो मानेवर बसला, झोपेत तुझा हात फिरला, तो चिरडला, रस कातडीला लागला. त्या वेळी काहीच कळत नाही, बारा तासांनी, कधी दीड-दोन दिवसांनी आग सुरू होते, म्हणून लोकांना वाटतं रात्री काहीतरी चावून गेलं. हात जसा फिरला तसा लांब पट्टा उमटतो. कोपराच्या किंवा मानेच्या घडीत लागला तर समोरासमोर दोन सारखे चट्टे उठतात, हे याचं अगदी खास लक्षण.

कोब्रावाली गोष्ट अशी आहे की वजनाला वजन धरलं तर पेडेरिन फार जालीम आहे, हे शास्त्रीय लिखाणात येतं, पण एका किड्यात ते इतकं नगण्य असतं आणि फक्त कातडीवर लागतं, त्याने माणूस मरत नाही. अर्धं वाक्य उचललं आणि त्याची बातमी केली. 2022 च्या जुलैमध्ये सिक्कीममध्ये तुझ्यासारख्याच इंजिनिअरिंगच्या पोरांना याचा मोठा त्रास झाला होता, तेव्हा नैरोबी फ्लाय म्हणून टीव्हीवर गाजलं, सगळ्यांना वाटलं आफ्रिकेतून काहीतरी नवीन आलं. पेडेरस आपल्या देशात आधीपासूनच आहे, मौदा-भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांधीत तो तुडतुडे खातो, शेतकऱ्याच्या कामाचा आहे.

साबणाने धू, खाजवू नको, तो हात डोळ्याला लावू नको, गार पाण्याची पट्टी ठेव आणि स्किनच्या डॉक्टरला दाखव, एक ते तीन आठवड्यांत बरं होतं, थोडे दिवस डाग राहतो. मावशीचं म्हणणं पण उडवून लावू नको, म्हणजे उतरवायला जाऊ नको पण नागीण नाही ना हे डॉक्टरला विचार, कारण नागीण खरा आजार आहे, कांजिण्यांचाच व्हायरस पुन्हा जागा होतो, शरीराच्या एकाच बाजूला पट्टा येतो आणि पुष्कळदा पुरळ यायच्या आधीच तिथे दुखायला लागतं, तिचं औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केलं तर उपयोग जास्त. दोन्ही गोष्टी दिसायला सारख्या आणि उपाय वेगळे, म्हणून घरी बसून ठरवायचं नाही. आणि अंगावर किडा बसलेला दिसला तर मारायचा नाही, फुंकर मारून उडवायचा, रात्री खिडकीजवळचा लाइट बंद ठेवायचा.

प्रश्न : मी सातवीत आहे. आजोबा म्हणतात त्यांच्या लहानपणी काडीपेटीत सोनपाखरू ठेवायचे. मला सेमिनरी हिल्सवर हिरवा चमकणारा किडा दिसला, मोबाइलने ज्वेल बीटल सांगितलं, पण आजोबा म्हणाले हे सोनपाखरू नाही. आणि एक व्हिडिओ आहे त्यात किडा खऱ्या सोन्यासारखा दिसतो, दादा म्हणतो तो कॉम्प्युटरने बनवलाय. (महाल, नागपूर)

बेटा, आजोबा बरोबर आहेत आणि मोबाइल चुकला आहे. तू पाठवलेला फोटो इतका छान आहे की मला दोन मिनिटांत कळलं. पाठ नीट बघ. भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन कडक झाकणं असतात आणि ती मधोमध एका सरळ रेषेत मिळतात, ती रेष दिसली पाहिजे. तुझ्या किड्याच्या पाठीवर रेषच नाही, सगळी पाठ एकच अखंड ढाल आहे, वर काळे ठिपके. म्हणजे हा भुंगेरा नाही, ढेकणांच्या बाजूचा आहे, ज्वेल बग. याला चावायला जबडे नसतात, पोटाखाली एक सोंड दुमडलेली असते आणि तिने झाडाचा रस पितो. काचेच्या बरणीत ठेवून खालून बघ, सोंड दिसेल. मग परत सोडून दे.

आजोबांचं सोनपाखरू बाभळीवर येतं, पावसाळ्यात, मोठं, जाड, हिरव्या चकाकीचं. त्याच्या पंखांचे तुकडे जुन्या काळी राजेरजवाड्यांच्या कपड्यांवर शिवायचे, तो हिरवा रंग शेकडो वर्षं जात नाही कारण तो रंग लावलेला नाही, पंखाच्या बारीक थरांवरून उजेड परततो म्हणून तसा दिसतो. आजोबांना घेऊन एकदा शहराबाहेर बाभळी बघायला जा. पाखरू काडीपेटीत मात्र ठेवू नको, गुदमरतं.

आणि सोन्याचा किडा खरा आहे! दादाला सांग. कासवासारखा गोल, कडा पारदर्शक, मधे सोनेरी. नाल्याच्या काठी ते बेशरमचं झाड असतं ना जांभळट फुलांचं, त्याच्या पानांवर शोध, याच कुळातले सापडतील. सोनं हे पंखाच्या ओलसर थरांमुळे दिसतं, किडा मेला आणि वाळला की रंग जातो, मळकट होतो. म्हणून संग्रहालयात हा कधी सोनेरी दिसत नाही आणि लोकांना व्हिडिओ खोटा वाटतो. खोट्या चित्रांवर विश्वास ठेवणारे पुष्कळ आहेत पण खरी नवलाची गोष्ट खोटी ठरवून टाकणं पण तितकंच वाईट.

प्रश्न : मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत माजलंय, त्यावर पट्ट्यापट्ट्यांचे भुंगेरे आहेत. मोबाइलने कोलोरॅडो पोटॅटो बीटल सांगितलं. आमच्या कुंडीत बटाटे आहेत. (निवृत्त बँक कर्मचारी, मनीषनगर)

काका, तुमचे बटाटे सुरक्षित आहेत. कोलोरॅडो बीटल अमेरिका-युरोपात बटाट्याचा मोठा शत्रू आहे, भारतात तो नाही. त्याच्या पिवळ्या पाठीवर दहा सरळ काळे पट्टे असतात आणि तो एक सेंटिमीटरचा असतो. तुमच्या फोटोतला लहान आहे आणि पट्टे वेडेवाकडे तपकिरी आहेत. हा मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा, कोलोरॅडोवाल्याचा जवळचा भाऊबंद आहे म्हणून मोबाइल फसला, शिवाय मोबाइलला परदेशातले फोटो जास्त दाखवलेले असतात. हा 1983 मध्ये मेक्सिकोहून आणला, 1984 मध्ये बंगळुरूला पहिल्यांदा सोडला, गाजर गवत खाण्यासाठीच. कॉलनीवाल्यांनी औषध मारायचं ठरवलं असेल तर थांबवा. थंडी-उन्हाळ्यात तो जमिनीत जाऊन बसतो आणि पाऊस पडला की परत वर येतो, तिथली माती उगाच खणू नका.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटच्या सीसीटीव्हीत रात्री लांब दांड्यासारखं काहीतरी उडताना दिसतं, दोन्ही बाजूंना झालरीसारखे पंख. इंटरनेटवर त्याला स्काय रॉड म्हणतात, नवीन प्रजाती आहे, फार वेगाने उडते म्हणून डोळ्याला दिसत नाही. वॉचमनने रात्रपाळी सोडली. (सोसायटी सेक्रेटरी, नरेंद्रनगर)

या एका प्रश्नावर मला मनसोक्त लिहायचं होतं, कारण हा पूर्णपणे काल्पनिक किडा आहे आणि तरी तो प्रत्येक सीसीटीव्हीत दिसतो.

1994 मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या होजे एस्कामिया नावाच्या माणसाने व्हिडिओत असे दांडे पाहिले आणि हा अनोळखी जीव आहे असं सांगायला सुरुवात केली. तिथून ही गोष्ट जगभर गेली. आता तुमच्या कॅमेऱ्याचा हिशोब करा. रात्री उजेड कमी म्हणून कॅमेरा एका चित्रासाठी जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो, समजा सेकंदाचा पंचविसावा भाग. लाइटजवळचा पतंग सेकंदाला दोन मीटर वेगाने जरी उडाला तरी तेवढ्या वेळात तो आठ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे दोन सेंटिमीटरचा पतंग चित्रात दहा सेंटिमीटरचा दांडा दिसणार. तेवढ्यात त्याने पंख दोन-तीनदा वरखाली केले तर प्रत्येक फडफडीची एक लाट उमटणार, तीच तुमची झालर. आणि पतंग कॅमेऱ्याच्या काचेजवळून गेला तर तो दूरच्या कारएवढा लांब वाटणार, कारण कॅमेऱ्याला अंतर कळत नाही.

2005 मध्ये चीनच्या जिलिन प्रांतात एका ठिकाणी असेच दांडे कॅमेऱ्यात दिसले तेव्हा लोकांनी वाद न घालता मोठ्या जाळ्या लावल्या. दांडे दिसले त्याच जागी जाळीत सापडले साधे पतंग आणि किडे. हे मला फार आवडतं. तुम्ही पण करू शकता, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शटरचा वेग वाढवा आणि समोर एक बल्ब लावा म्हणजे उजेड पुरेल, मग तोच दांडा आखूड होत होत पतंग होईल. वॉचमन दादांना शेजारी बसवून करा. ते घाबरले यात त्यांची काही चूक नाही, रात्री एकटं बसावं लागतं आणि कोणी त्यांना हे समजावून सांगितलं नाही. त्यांची नोकरी जाऊ देऊ नका.

प्रश्न : टॉयलेट सीटखाली राहणाऱ्या विषारी कोळ्याचा मेसेज? (बरीच पत्रं)

खोटा. 1999 पासून ईमेलने फिरतोय, तेव्हा ज्या मेडिकल जर्नलचं नाव दिलं होतं ते जर्नलच अस्तित्वात नव्हतं. नंतर कोणीतरी त्यात टेलामोनिया या खऱ्या कोळ्याचं नाव घातलं. तो आशियातला, आपल्याकडचाही, उड्या मारणारा झाडांवरचा कोळी आहे, माणसाला काही करत नाही. आणि कोळी हा किडा नाही, आठ पायांचा आहे.

प्रश्न : मुलं विचारतात की शास्त्रज्ञ पण फसतात का? मी काय सांगू? (शिक्षिका, सक्करदरा)

ताई, हो सांगा, आणि ही गोष्ट सांगा. 1702 मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम चार्ल्टन नावाच्या संग्राहकाने जेम्स पेटिव्हर या निसर्ग अभ्यासकाला एक फुलपाखरू पाठवलं. तिथलं नेहमीचं पिवळं ब्रिमस्टोन, पण पंखावर काळे ठिपके आणि निळ्या चंद्रकोरी. असं दुसरं कोणाला कधी मिळालं नाही. पुढे ते लिनियसपर्यंत पोचलं, म्हणजे ज्यांनी सगळ्या जीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत बसवली ते लिनियस, आणि त्यांनी 1763 मध्ये त्याला स्वतंत्र प्रजाती मानून पॅपिलियो एक्लिप्सिस नाव दिलं. तीस वर्षं ते पुस्तकात राहिलं. 1793 मध्ये त्यांचाच विद्यार्थी फॅब्रिशियस याने तो नमुना जवळून पाहिला तर ठिपके रंगवलेले निघाले! साधं ब्रिमस्टोन फुलपाखरू आणि त्यावर कोणीतरी ब्रश फिरवलेला.

मुलांना हे जरूर सांगा की चूक सापडली ती कशामुळे, तर नमुना सांभाळून ठेवला होता आणि कोणीतरी पुन्हा बघायचे कष्ट घेतले. मेसेजमधल्या किड्याचा नमुना कुठेच नसतो, गाव नसतं, तारीख नसते, फोटो कोणी काढला ते नसतं. वर्गात एक खेळ घ्या, प्रत्येकाने एक किडा बघून कागदावर पाय मोजायचे, पंख कसे मिटतात ते काढायचं, कोणत्या झाडावर होता ते लिहायचं. आतापर्यंत नाव मिळालेले भुंगेरेच चार लाखांच्या आसपास आहेत, त्यामुळे नाव नाही सापडलं तरी चालेल, नोंद खरी पाहिजे.

प्रश्न : फोटो कसा पाठवायचा म्हणजे तुम्हाला ओळखता येईल? (अनेक)

तीन फोटो पाठवा, वरून, बाजूने आणि जमलं तर पोटाकडून. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. झाड कोणतं ते लिहा, पान खाल्लेलं असेल तर त्याचा वेगळा फोटो. गाव आणि तारीख. फ्लॅश बंद ठेवा, चमकणाऱ्या भुंगेऱ्यांचा रंग फ्लॅशने पार बदलतो. आलेला फोटो पुढे ढकलत असाल तर तसं स्पष्ट लिहा, आणि किडा जिवंत असेल तर फोटो झाल्यावर जिथे सापडला तिथेच सोडा. शेतातल्या नुकसानीचे फोटो आधी उघडतो, मग पोरांचे, मग बाकीचे.